आठ आण्यांचा कुत्रा

डोंबिवलीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीची वार्षिक सभा घ्या. पाणी आणि पार्किंग संपलं की विषय निघतो कुत्र्यांचा. एक बाजू म्हणते, महापालिकेला सांगून सगळी उचलून न्या. दुसरी म्हणते, मुक्या जिवानं तुमचं काय बिघडवलंय? ठाण्यात हेच, कल्याणात हेच. पण हा वाद आजकालचा नाही. आपल्या शेजारच्या मुंबईत यावरून एकदा दंगल पेटली होती. साल होतं १८३२.

तेव्हा उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात अशी समजूत होती. म्हणून त्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम असे आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या वर्षी ही मुदत वाढवली गेली. आठ आण्यांच्या लोभानं पोलीस शिपाई घरादारांत शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पाडतात. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. फारसीत ‘सग’ म्हणजे कुत्रा आणि ‘दीद’ म्हणजे दर्शन. ६ जून रोजी कोटात जमावानं शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. शेवटी लष्कर आणून दंगल मोडावी लागली. जमशेटजी जिजीभॉयांसारख्या शेटियांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत असं ठरलं. १८३४ साली जमशेटजींच्या पुढाकारानं मुंबईत पांजरापोळ सुरू झालं. ठाणे जिल्ह्यात भिवंडीलाही त्याची शाखा आहे.

लोकांची दया खरी होती. पण सरकारची भीती खोटी होती का? तसंही नाही. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचं वर्णन आहे. पाण्याला रोगी भिऊ लागला की तो वाचत नाही, हेही तिथं सांगितलं आहे. आजही रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. १८३२ साली दोन्ही बाजूंच्या हातात एकच प्रश्न होता : कुत्रा मारायचा की ठेवायचा? तिसरी वाट कुणालाच ठाऊक नव्हती.

ती वाट ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये सापडली. लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचवली आणि तो वाचला. पण पॅरिस कुठे आणि कल्याण कुठे! भारतातली पहिली पाश्चर संस्था १९०० साली हिमालयात, कसौलीला निघाली. तिथेच डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये मेंढ्यांच्या मेंदूपासून लस तयार केली. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही रेबीजची लस होऊ लागली. माझ्या पिढीला धाक होता तो याच लसीचा, पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा. तिच्यामुळे क्वचित अर्धांगासारखा त्रासही होई. २००४ अखेर ही लस भारतात बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं घेऊन भागतं. तरी जुनी भीती अजून घराघरांत आहे, आणि तिच्यापायी लोक जखमेवर हळद, मिरची, चुना भरून घरी बसतात.

दयेच्या गोष्टी आपल्याकडे सगळ्या धर्मांत आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आमच्या हदीसमध्ये विहिरीत उतरून, पायताणात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणारा माणूस आहे. ईश्वरानं त्याला क्षमा केली. पण आज नुसती पोळी नि पाणी घालून दया पुरी होत नाही. ज्याला खाऊ घालता त्याला लस टोचून घ्या, एवढं तिच्यात वाढलं आहे.

‘आमचा घरातला आहे, रस्त्यावरचा नाही’ हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं. लस न दिलेलं पाळीव पिल्लू एकदा खाली जाऊन झटापट करून आलं तरी पुरे. मांजराचं तर आपण मनावरच घेत नाही. पण पिसाळलेलं मांजरही चावून, ओरबाडून रेबीज देऊ शकतं. लहान मुलं मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवायला हवं की कुणी रागावणार नाही, पण घरी येऊन सांग.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयानं आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. देशभर पुन्हा दोन तट पडले. १८३२ ची आठवण यावी असंच ते दृश्य होतं. फरक एवढाच की आता तिसरी वाट आपल्याला माहीत आहे. एका भागातल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस दिली तर रोगाची साखळी तुटते. नुसती कुत्री हटवली तर मोकळ्या जागी दुसरी येतात, लस न घेतलेली.

आणि चावा बसलाच तर? वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. मग ठाण्यात कळव्याचं, कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, असं जवळचं रुग्णालय त्याच दिवशी गाठा. लस किती वेळा, जखमेत वेगळं इंजेक्शन हवं का, हे डॉक्टर ठरवतील. एकही तारीख चुकवू नका. १८३२ च्या त्या मुंबईकरांजवळ साबण होता, पाणी होतं, पण हे ज्ञान नव्हतं. आपल्याजवळ तिन्ही आहेत.