तेलाचा वायदा आणि भिवंडीचा माग

भिवंडीच्या यंत्रमागांवर विणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याचे मूळ खनिज तेलात आहे. म्हणून तेलाच्या वायद्यांचा इतिहास या शहरास परका मानता येत नाही. दूरदेशीच्या घडामोडींवर वायदे करण्याची रीत मुंबईत जुनीच आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) येथील कापसाचे भाव चढले, त्या पैशातून शेअरांचा सट्टा फोफावला, आणि युद्ध संपल्यावर १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच अनेक पेढ्या बुडाल्या. अमेरिकेची बातमी येण्यास त्या काळी आठवडे लागत.

मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजमध्ये कच्च्या तेलाचे वायदे २००५ साली सुरू झाले. सौदा शंभर पिंपांचा. अखेरचा हिशेब मात्र न्यूयॉर्कच्या भावाने. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे तेलाची मागणी ओसरली, आणि टाळेबंदीमुळे मुंबईचा बाजार सायंकाळी पाचलाच मिटू लागला. २० एप्रिलला तो मिटल्यानंतर न्यूयॉर्कचा भाव उणे ३७.६३ डॉलरांवर उतरला. येथील हिशेब पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी झाला. बातमी क्षणात पोहोचली, परंतु सौदा मोडण्याची वाट बंद होती. त्या दिवसांत भिवंडीचे मागही थांबलेले असल्याने स्वस्त तेलाचा लाभ विणकरासही मिळाला नाही.

१८६५ साली बातमी उशिरा आली, २०२० साली बाजार लवकर मिटला; दोन्ही वेळी जोखीम मात्र भाव जेथे ठरत नव्हता तेथील माणसाने सोसली.