गोंधळातील आधारस्वर आणि तुणतुणे : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

मराठवाड्याच्या संगीतेतिहासाची मांडणी बहुधा देवगिरीपासून केली जाते. यादव राजा सिंघण (दुसरा) याच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तथापि ती स्वरावली वाजविण्याची वीणा होती. केवळ तार एकच म्हणून तिला तुणतुण्याची पूर्वज ठरविणे घाईचे होईल. लातूरच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘गोंडली’ नृत्याचा उल्लेख येतो. अभ्यासक त्याचा संबंध गोंधळाशी जोडतात.

नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि लातूरशेजारच्या तुळजापूरची भवानी या दोन पीठांवरून गोंधळ्यांच्या रेणुराई व कदमराई या शाखा ओळखल्या जातात. संबळ, झांज आणि तुणतुणे ही त्यांची वाद्ये. तुणतुण्याची घडण साधी आहे : पोकळ लाकडी नळा, तळाशी मढविलेले चामडे, बाजूस जोडलेली काठी आणि चामड्यापासून काठीवरील खुंटीपर्यंत ताणलेली एक तार. तंबोऱ्याचा नाद तालनिरपेक्ष वाहतो. तुणतुण्याचा आघात मात्र संबळाच्या लयीतच पडतो. अर्थात एकच तार आधारस्वर व लय अशी दोन्ही कामे करते. गिटारच्या तारा लयीत छेडणाऱ्या हाताशी याचे साम्य आहे. भेद इतकाच की गिटारवरील स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, बदलत जातो. तुणतुण्याचा षड्ज अढळ राहतो.

हा भेद वरवरचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली हार्मोनियम पुढे भजन-कीर्तनात रुळली, आणि अलीकडे तिच्या जोडीला कीबोर्ड आला. कीबोर्डवर सामान्यतः षड्ज, गंधार व पंचम एकत्र दाबले जातात. तेथे गंधार शुद्ध की कोमल, याचा निर्णय वाद्यच करून टाकते. गोंधळ्याचा गळा तर अनेकदा या दोहोंच्या मधून जातो! तुणतुणे गंधाराविषयी काहीच बोलत नाही, म्हणून गायक मोकळा राहतो. ज्यांना गोंधळगीतांना गिटारची साथ द्यावयाची आहे, त्यांनी गंधार वगळून षड्ज-पंचमावर हात ठेवावा आणि एखादी तार षड्जात मोकळी वाजू द्यावी. कॉर्ड बदलला तरी ती तार बदलू नये.