रद्दीच्या काट्यावरचा वेताळ



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की यवतमाळ असो, पुसद असो की वणी, घरोघरी एकच गडबड सुरू असते. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. भांडी घासायला जातात, गोधड्या उन्हात पडतात आणि कागद जातात रद्दीत. काय ठेवायचं आणि काय काट्यावर घालायचं, हे बहुतेक घरांत बाईच ठरवते. म्हणून आजची गोष्ट मी तुम्हालाच सांगते आहे.

माझ्या सासरी माळ्यावर दिरांची एक पेटी होती. तिच्यात वेताळ, मँड्रेक, बहादूर अशी जुनी चित्रपुस्तकं होती. एका दिवाळीला मी ती वर्तमानपत्रांबरोबर किलोवर देऊन टाकली. आलेल्या पैशांत पणत्या आणि रांगोळी आणली. पुढे दीर आले, त्यांनी पेटी उघडली आणि पुन्हा लावून ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं माझ्या मनातून जाईना. मग मी या पुस्तकांची माहिती शोधू लागले.

ही होती इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये ती सुरू केली. अमेरिकेत ली फॉक यांनी 1934 साली जादूगार मँड्रेक आणि 1936 साली फँटम जन्माला घातला होता. हा फँटम मराठीत आला तो वेताळ होऊन. पहिले 32 अंक त्याच्या एकट्याचेच होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हेही आले. मूळ कथेतल्या देशाचं नाव आपल्या बंगालसारखं वाटायचं, म्हणून इथे ते बदलून डेंकाली केलं. 1976 च्या डिसेंबरात आबिद सुरती यांचा बहादूर आला. जीन्सवर केशरी कुर्ता घालणारा हा नायक अगदी इथल्या मातीतला. वेताळाची डायनाही आठवा. संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी ती बाई त्या काळच्या मुलींना किती वेगळी वाटली असेल!

1990 साली इंद्रजाल बंद पडलं. तोवर 803 अंक निघाले होते. इतके अंक, तेही अनेक भाषांत आणि गावोगावी खपलेले. मग आज ते दुर्मिळ कसे झाले?

याचं उत्तर कागदात आहे आणि आपल्या सवयीतही आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद हवेने आणि उजेडाने आपोआप आम्ल होतो, पिवळा पडतो आणि मग त्याचा चुरा होतो. आपल्याकडचा मे महिना आणि वर पत्र्याचं छप्पर, म्हणजे त्याची भट्टीच. उरलेलं काम कसर, वाळवी आणि पावसाची गळती करते. त्यातूनही वाचलेलं पुस्तक हातोहात फिरायचं. भावाकडून बहिणीकडे, तिथून शेजारी, आणि शेवटी दुकानात पुडी बांधायला. जे सगळ्यांकडे असतं ते कोणी जपत नाही. म्हणूनच ते एक दिवस कोणाकडेच उरत नाही. जुन्या अंकाला संग्राहक जे पैसे मोजतात ते वयाचे नसतात, या उरण्याचे असतात.

अमर चित्रकथेचीही अशीच कथा आहे. अनंत पै आधी टाइम्स ऑफ इंडियात होते. इंद्रजाल तिथे उभं राहताना त्यांनी पाहिलं होतं. 1967 मध्ये इंडिया बुक हाऊसच्या साथीने त्यांनी अमर चित्रकथा सुरू केली. पहिले अंक परदेशी परीकथांचे होते. 11 व्या क्रमांकाला कृष्ण आला, आणि तिथून आपल्या पुराणांचा आणि इतिहासाचा ओघ सुरू झाला. त्या कृष्णाची चित्रं राम वाईरकरांनी काढली. आपल्या प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांनीही या मालेसाठी पुष्कळ काम केलं. कमला चंद्रकांत यांनी लेखन-संपादनाची मोठी बाजू सांभाळली. टिंकलमधला सुप्पंडी आधी वाईरकरांच्या हातचा होता, नंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी तो काढला. म्हणजे वडिलांची रेघ लेकीच्या हातात आली.

आता या पुस्तकांच्या मागे असतं मूळ चित्र. छापायच्या मापापेक्षा मोठ्या जाड कागदावर चित्रकार पेन्सिलीने आखणी करतो आणि वरून ब्रश-शाई फिरवतो. चुकलं तिथे पांढरा रंग लावतो. अशा पानाकडे जवळून पाहिलं की खोडलेली पेन्सिल दिसते, बोटाचा डाग दिसतो. पुस्तकाच्या हजारो प्रती निघतात, हे पान मात्र एकच असतं. छपाई झाली की त्याचं काम संपलं असं पूर्वी धरायचे. आज संग्राहक शोधतात ते नेमकं हेच.

पण मूळ चित्र विकताना काय होऊ शकतं, हे आपल्या महाराष्ट्राला फार आधीपासून माहीत आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी देवळात बसून, एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. चित्रकथीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो. सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलावंतांना आश्रय दिला. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. बाहेरच्या लोकांना या चित्रांची किंमत कळली आणि पानं विकली जाऊ लागली. विकत घेणाऱ्याला भिंतीवर लावायला एकच सुंदर पान हवं असतं. पण पोथीतून चार पानं गेली की कथेत भोक पडतं. मग गाणाऱ्याने काय गावं?

पुण्यात दिनकर केळकर यांनी अशी बरीच जुनी कथाचित्रं जमवली, म्हणून ती आज राजा केळकर संग्रहालयात एकत्र राहिली. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विकणं वाईट असं मी म्हणत नाही. घरात अडचण असते, मुलांच्या फिया असतात. पण गठ्ठा कोणता आणि सुटं पान कोणतं, हे विकण्याआधी समजून घेतलं पाहिजे.

एक दूरची बातमीही ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियात आई गेल्यावर मुलांनी घर आवरायला काढलं. माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली, 1939 चा सुपरमॅनचा पहिला अंक निघाला. 10 सेंटांचं पुस्तक. नोव्हेंबर 2025 मध्ये लिलावात त्याला 91 लाख डॉलरच्या वर किंमत आली. आपल्या पेटीत असं काही निघेल असं समजू नका. मला यातलं दुसरंच आवडलं. ती पुस्तकं त्या आईने लहानपणी भावाबरोबर घेतली होती आणि जन्मभर जपली होती. वाचणारीही तीच आणि सांभाळणारीही तीच.

आता कायद्याचं थोडं. लेखाधिकार कायद्यात 53अ नावाचं कलम आहे. मूळ चित्र 10,000 रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो. हा हिस्सा जास्तीत जास्त 10 टक्के. अट एवढीच, की चित्राचा लेखाधिकार पहिल्यांदा चित्रकाराचाच असला पाहिजे. चित्रकारांच्या बायका-मुलींनी हे माहीत करून घ्यावं. आणि 1972 चा पुरावस्तू कायदा सांगतो, की 100 वर्षांहून जुनं चित्र किंवा 75 वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखित पोथी तुम्ही-आम्ही परदेशी पाठवू शकत नाही. अशा वस्तूंचा धंदा करायलाही परवाना लागतो. दारात येऊन घाई करणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

मग या दिवाळीला काय करायचं? पेटी निघाली तर आधी खाली बसून उघडा. पुस्तकाचा क्रमांक, किंमत, वेष्टन आणि मधली पानं पाहा. अमर चित्रकथा पुन्हा पुन्हा छापली गेली, म्हणून छापील किंमत आणि मागच्या पानावरची यादी यांवरून आवृत्तीचा अंदाज येतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग पडतो आणि तो जात नाही. नवी बांधणीही करू नका, कडा कापल्या जातात आणि किंमत जाते. पुस्तकं आडवी, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा. विकायचंच असेल तर फोटो काढून ठेवा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि त्याच दिवशी हो म्हणू नका.

आणि सगळ्यात आधी, ज्याची पेटी आहे त्याला एक फोन करा.

मी यंदा दिरांना केला. म्हटलं, भाऊजी, माझं चुकलं. ते हसले. म्हणाले, “वहिनी, पुस्तकं गेली ती गेली. पण वेताळाच्या गुहेची गोष्ट मला अजून पाठ आहे. पोरांना बोलवा, सांगतो.” दिवाळीत ते येणार आहेत.