आखाड्यातील विद्या आणि रणातील कसोटी

बेळगाव, शहापूर, वडगाव या परिसरात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ढोल-ताशांच्या गजरात तरुण लाठी फिरवितात, दांडपट्ट्याचे हात करून दाखवितात. पाते डोळ्यांना दिसेनासे होते, बघणाऱ्यांची छाती अभिमानाने भरून येते. त्याच गर्दीतल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या मनात मात्र एक प्रश्न हळूच डोके वर काढतो. समोर खरोखरीचा शत्रू उभा ठाकला, तर हे हात उपयोगी पडतील काय? प्रश्न अश्रद्धेचा वाटला, तरी पूर्वजांच्या विद्येविषयी खरा आदर असणाऱ्याने तो टाळू नये. याचे उत्तर देणारी अनेक स्थळे आपल्या याच भूप्रदेशात, नेसरीपासून कित्तूरपर्यंत, विखुरलेली आहेत.

प्रथम ही विद्या होती कशी, ते पाहिले पाहिजे. आज ‘मर्दानी खेळ’ या एका नावाखाली आपण ज्या प्रकारांची गणना करतो, त्यांत मुळात दोन अंगे होती. पहिले अंग सरावाचे. पवित्रे, पट्ट्याचे हात, लिंबू कापणे, बनेटी फिरविणे यांनी अंगाला वळण लागे, दम वाढे, हत्याराचे वजन आणि अंतर यांचा अंदाज बसे. दुसरे अंग झुंजीचे. फरीगदग्यात चामड्याने मढविलेली काठी आणि ढाल घेऊन दोघे एकमेकांवर खरेखुरे वार करीत. बोथाटीत टोक बोथट केलेला भाला घेऊन घोडेस्वार एकमेकांवर चालून जात. पहिल्या अंगात प्रतिस्पर्धी नसतो, असला तरी ठरल्याप्रमाणे वागतो. दुसऱ्या अंगात तो आपल्याला चकवू पाहतो, मारू पाहतो. विद्या रणात टिकेल की नाही, हे या दुसऱ्या अंगावरून ठरते.

हत्यारांचे गुणदोषही ध्यानी घेतले पाहिजेत. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. त्यामुळे हाताचे रक्षण होते, पण मनगट अडकून पडते. वार खांद्यातून, कमरेतून, पायांच्या फिरकीतून काढावा लागतो. अनेकांच्या गराड्यात सापडलेल्या एकट्या वीराला हे हत्यार तारक ठरते; दाटीवाटीत, मित्र खांद्याला खांदा लावून उभे असता ते गैरसोयीचे होते. म्हणजे हत्यार चांगले की वाईट, हा प्रश्न ‘कोठे आणि कोणापुढे’ हे विचारल्याखेरीज सुटत नाही.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी या विद्येची कसोटी लागली. अफझलखानाचा पट्टेकरी सय्यद बंडा महाराजांवर धावला, तेव्हा जिवा महाला यांनी त्याचा हात हत्यारासह तोडला, असे बखर सांगते. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्या एका वारातून जन्मली. क्षणाचाही विलंब परवडणारा नव्हता. तेथे विचार चालत नाही, सवय चालते. वर्षानुवर्षांच्या तालमीचे सार्थक अशा एका निमिषात होते. पण त्याच प्रसंगाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. महाराज अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला जिरेटोप घालून गेले होते. जावळीच्या रानात फौज दडवून ठेवली होती. हाताचे कसब होतेच. पण ते चालविण्यास योग्य जागा आणि वेळ बुद्धीने आधीच निवडली होती.

ही निवड सुटली की काय होते, ते नेसरीने दाखविले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण धारातीर्थी पडले. गडहिंग्लज तालुक्यातील ते स्थळ निपाणीकरांना काही दूर नाही. प्रतापरावांची तलवार कच्ची होती, असे कोण म्हणेल? पण सात तलवारी कितीही पक्क्या असल्या, तरी सैन्यापुढे सातच राहतात. त्यांचे बलिदान वंदनीय आहे. मात्र कसबाने संख्येचे गणित बदलते, हा भ्रम त्याच रणात गाडला गेला, हेही नोंदवावे लागेल.

पुढील शतकांत याहून कठोर परीक्षा आली. १८१८ च्या मार्चमध्ये मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला आणि १० एप्रिलला किल्ला त्याच्या हाती पडला. तटामागच्या शिबंदीत तलवारबाज नव्हते असे नाही. पण शत्रू तलवारीच्या टप्प्यात आलाच नाही. तोफांनी तट खिळखिळे केले आणि लढाईचा निकाल दुरूनच लागला. काकतीत जन्मलेल्या राणी चन्नम्मा घोडदौड आणि तलवार यांत निपुण होत्या. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरपुढे कलेक्टर थॅकरे ठार झाला, तो बंदुकीच्या गोळीने. डिसेंबरात मोठी फौज व तोफा आल्या आणि कित्तूर पडले. संगोळ्ळी रायण्णाने नंतर डोंगर-रानांच्या आश्रयाने इंग्रजांना जेरीस आणले. त्याच्या यशात शरीरबळाइतकाच वाटा प्रदेशाच्या माहितीचा आणि गावोगावच्या लोकांच्या साथीचा होता. तो पकडला गेला फितुरीने. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला त्याला फाशी दिले गेले. फितुरीवर कोणत्याही उस्तादाकडे डाव नसतो.

मग या विद्येचा खेळ कसा झाला? त्याचे उत्तर नि:शस्त्रीकरणात आहे. १८५७ च्या धामधुमीत सरकारने हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी उठाव केला. नरगुंदचे बाबासाहेब भावे यांच्या बंडामागील कारणांतही हे एक होते. त्यांना १२ जून १८५८ रोजी बेळगावात फासावर चढविण्यात आले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलेसुरले हत्यारही घरातून गेले. हत्यार गेले, तसा त्याच्या खऱ्या वापराचा प्रसंगही गेला. फरीगदग्याची झुंज मागे पडली, हात करून दाखविणे उरले; कारण झुंजीला परवानगी नव्हती आणि मिरवणुकीला होती. यात आपल्या तालमींचा दोष नाही. उलट, बंदीच्या काळातही पवित्र्यांची आठवण ज्यांनी जिवंत ठेवली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण आठवण आणि कसोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही.

एका विद्येने मात्र कसोटी सोडली नाही, ती म्हणजे कुस्ती. लाल मातीत रोज संध्याकाळी समोरचा मल्ल खरोखर पाडू पाहतो; तेथे खोटे चालत नाही. म्हणूनच १९१० साली लंडनला गेलेला गामा झिबिस्कोसारख्या जगज्जेत्यापुढे अडीच तासांहून अधिक काळ अजिंक्य राहिला आणि १९२८ साली पतियाळात त्याने त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या पायांना गादी अपरिचित होती, नियमही निराळे होते. त्यांनी ते आत्मसात केले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. मातीतली तालीम निरुपयोगी ठरली नाही. नव्या मैदानाशी तिला जुळवून घ्यावे लागले, इतकेच.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुन्या जुजुत्सूतून जुदो घडविला. घातक डाव त्यांनी बाजूला काढले आणि उरलेल्यांचा पूर्ण ताकदीने झुंजीतून सराव करविला. घातक डाव केवळ ठरवून गिरविणाऱ्यापेक्षा साधा डाव रोज विरोधासमोर घासणारा अधिक तयार होतो, हे त्यांनी ओळखले होते. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरला निरनिराळ्या पद्धतींचे लढवय्ये जवळजवळ विनानियम झुंजले. तेथे जुदोच्याच वंशातील ब्राझीलच्या जुजुत्सूचा शिष्य, अंगाने सडपातळ रॉईस ग्रेसी, विजयी झाला. २०१७ साली चीनमध्ये एका ताई-ची शिक्षकाला आधुनिक झुंजीच्या खेळाडूने काही सेकंदांत पाडले, तेव्हा त्या देशात मोठा गहजब झाला. पराभव परंपरेचा झाला असे पुष्कळांनी म्हटले; खरे पाहता तो झुंजीविना केलेल्या सरावाचा होता.

या विवेचनाचा शेवट पुण्याच्या गंजपेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत करणे उचित ठरेल. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके हे दोघेही त्यांचेच शिष्य. फडक्यांनी १८७९ साली सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. जुलैमध्ये विजापूरकडील देवर नावदगी येथे, पाठलागाने थकून झोपेत असताना, ते पकडले गेले. झोपलेल्या वीराच्या हाती कोणता पट्टा असणार? जोतीरावांवरही रात्री मारेकरी चालून आल्याचे चरित्रकार सांगतात. दांडपट्टा शिकलेल्या त्या पुरुषाने हत्यार शोधले नाही, त्यांच्याशी शांतपणे संवाद केला. ते मारेकरी पुढे त्यांचेच सहकारी झाले; त्यांपैकी धोंडीराम कुंभार यांनी सत्यशोधक विचारांसाठी लेखणी हाती घेतली.

तालमीत शिकलेला डाव त्या रात्री वापरला गेला नाही. तरी तालीम वाया गेली, असे म्हणवत नाही. मृत्यू उंबरठ्यावर उभा असता ज्याचा श्वास ढळत नाही, त्यालाच शब्द सुचतात. हा धीर आखाडा देतो. मिरवणुकीत पट्टा फिरविणाऱ्या आपल्या मुलांना टाळ्या अवश्य द्याव्यात; त्याचबरोबर फरीगदग्याची जुनी झुंज, पुरेशा संरक्षणासह, पुन्हा सुरू करण्याची संधीही द्यावी. पूर्वजांची विद्या जपायची, तर तिची परीक्षा घेण्याचे धैर्यही त्यांच्याकडूनच घ्यावे लागेल.