टेनिसचे पहिले नवशिके

टेनिस शिकू लागलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यात जी फजिती होते ती पाहण्यासारखी असते. चेंडू एक तर जाळ्यात अडकतो, नाही तर कुंपणापलीकडे जातो; आणि कडेला बसलेली जाणती मंडळी गालांतल्या गालांत हसत असतात. पण कडेला बसून हसणारे जाणते कोणीच नव्हते, असाही एक काळ होऊन गेला. सारेच नवशिके!

१८७४ च्या फेब्रुवारीत मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थांनी आपल्या नव्या खेळाचे पेटंट मिळवले. भिंतींच्या आत खेळायचा राजेरजवाड्यांचा टेनिस शतकानुशतके चालत आला होता. त्याचे कडक चेंडू गवतावर उसळत नसत. रबराचे चेंडू मिळू लागले तेव्हा खेळ हिरवळीवर आला. बर्मिंगहॅमला हॅरी जेम आणि ऑग्युरिओ परेरा हे दोघे मित्र मेजरसाहेबांच्या आधीच असे काही खेळत होते. पण पेटी विकण्याची युक्ती मेजरसाहेबांची. खांब, जाळे, रॅकेटी, चेंडू आणि नियमांचे चिमुकले पुस्तक, सारे एकाच पेटीत. किंमत पाच गिनी. पेटी घरी आणायची, बागेत खांब ठोकायचे आणि पुस्तक उघडून खेळू लागायचे. शिकवायला गुरू नाही. आम्हां मास्तरांना हे थोडे झोंबते, पण खरे आहे. मैदान मध्ये निमुळते, शंकराच्या डमरूसारखे. खेळाचे ‘स्फेरिस्टिके’ हे ग्रीक नाव लोकांच्या जिभेवर काही बसेना. ‘लॉन टेनिस’ मात्र बसले.

मग १८७७ साली विंबल्डनच्या क्लबाने पहिली स्पर्धा भरवली. डमरू मोडून मैदान ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असे चौकोनी झाले. बावीस जणांनी नावे दिली. यांतले बहुतेक दुसऱ्याच खेळांतून आलेले, आणि ज्याने त्याने आपापल्या खेळाच्या सवयी बरोबर आणलेल्या. स्पेन्सर गोर हा रॅकेट्स खेळणारा. बाकीचे मागे उभे राहून चेंडूचा टप्पा पडण्याची वाट पाहत. हा जाळ्याशी येऊन चेंडू टप्प्याआधीच मारी. त्यावर उपाय कोणालाच सुचेना. अंतिम सामन्यात त्याने विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असे हरवले.

पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे गोरला फक्त अखेरचा सामना खेळायचा होता. समोर आला फ्रँक हॅडो. हा सिलोनातला कॉफीचा मळेवाला, रजेवर घरी आलेला. टेनिस त्याला नवाच. आता जाळ्याशी उभ्या असलेल्या लांब हातांच्या गोरला चकवायचे कसे? बाजूने चेंडू काढावा, तर त्या काळी जाळे खांबांपाशी जवळजवळ पाच फूट उंच असे आणि मध्ये तीनच फूट. जिथे वाट हवी तिथेच भिंत! तेव्हा हॅडोने चेंडू सरळ वर उडवला, गोरच्या डोक्यावरून मागच्या रिकाम्या जागेत. गोर धावत मागे जाई, पुन्हा पुढे येई, की चेंडू पुन्हा डोक्यावरून. ७-५, ६-१, ९-७. साऱ्या स्पर्धेत हॅडोने एकही सेट गमावला नाही.

आज पोराने असा चेंडू उडवला तर मास्तर त्याला त्याचे नाव सांगतात, रॅकेट कशी धरायची ते दाखवतात. हॅडोला कोणी दाखवले होते? पुढची वाट बंद दिसली, म्हणून त्याने वरची धरली.

गोरचे मन मात्र या खेळात रमले नाही. ज्याला क्रिकेट किंवा रॅकेट्स चांगले येते तो टेनिसला लवकरच कंटाळेल, असे त्याने पुढे लिहून ठेवले. आणि हॅडो? रजा संपली तसा तो सिलोनच्या मळ्यावर परतला. १८७९ साली विजेतेपद राखायला तो विंबल्डनला फिरकलाच नाही.