नोंदवहीत नसलेलं दुखणं

मी एएनएम म्हणून नोकरीला लागले तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, चंद्रपूरचाच तो जंगलाकडचा भाग. जिल्हा वेगळा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. उपकेंद्रातल्या माझ्या टेबलावर पात्र जोडप्यांची नोंदवही असायची. बाईचं वय, पोरं किती, शेवटचं पोर केवढं, तांबी बसवली का, ऑपरेशन झालं का, हे सगळं लिहायला तीत रकाने होते. बाईला काय दुखतं, ते लिहायला रकाना नव्हता. मार्च जवळ आला की वरून टार्गेटची विचारणा सुरू व्हायची आणि आम्हीही गावात शिरताना ऑपरेशनच्या केसेसच शोधायचो. बाईचं आरोग्य म्हणजे तिचं बाळंतपण आणि पुढची बाळंतपणं थांबवणं. देशाचा कार्यक्रमच तसा आखलेला होता.

बाया मात्र सांगायच्या. समोर बसून नाही. पोराला डोस पाजून झाला, इकडचं तिकडचं बोलून झालं, मी पिशवी खांद्याला लावली, की एखादी "थोडी येतो तुमच्यासंगं" म्हणत आखरापर्यंत चालत यायची. तिथं मागेपुढे बघून बोलायची, "नर्सबाई, आंगावर पांढरं जाते. कंबरेत जीव नाही रायत. कोनाले सांगू नका." कधीपासून? लग्न झालं तेव्हापासून. घरात कुणाला सांगितलं? सासूला. सासू म्हणाली, मलाही जातं, बाईच्या जातीला असायचंच. एकीचं अंग बाहेर यायचं. ते हातानं आत सारून ती रोवणीला जायची आणि दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकायची. तिला मी मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं. तिथं तपासायला बाई-डॉक्टर नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

या सांगण्याचं शास्त्रात काय होतं? काहीच होत नव्हतं. स्त्रीरोगांबद्दल वैद्यकाला जे माहीत होतं ते बहुतेक इस्पितळात पोचलेल्या बायांवरून. ज्या पोचल्याच नाहीत, त्यांचं दुखणं जगाच्या हिशेबात नव्हतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत आले आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेचं काम सुरू झालं, ते १९८६ च्या सुमाराला. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. दवाखान्यात येईल तिला तपासायचं, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत जाऊन, तक्रार असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही बायांची पाहणी त्यांनी केली. विचारणं झालं, आतून तपासणी झाली, प्रयोगशाळेत नमुने पाहिले गेले. ज्या गावात पाळीचा उच्चारही पुरुषमाणसासमोर होत नाही, तिथल्या बाईनं अशी तपासणी करू देणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. ते धाडस डॉक्टरांइतकंच त्या बायांचं होतं.

१४ जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ६५० बाया. त्यांतल्या ५५ टक्क्यांनी तक्रार सांगितली, ४५ टक्क्यांनी काही त्रास नाही म्हटलं. तपासणीत ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, एकेकीला सरासरी ३.६. त्यांतला निम्मा भार जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचा. आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या बाया फक्त ८ टक्के.

या आकड्यांपुढे मी पुष्कळ वेळ बसलेली आहे. तक्रार सांगणाऱ्या ५५ च्या ५५ जणी आजारी होत्या असं धरलं, तरी शंभरातल्या किमान ३७ बाया आजारी असून काहीच बोललेल्या नव्हत्या. काहींना लक्षणंच नसतील, हे खरं. पण सासूचं ते वाक्य ऐकून ऐकून दुखण्याला दुखणं म्हणायचंच विसरलेल्या बायाही त्यांत असणार, असं मी माझ्या गावांवरून म्हणते.

पुढे डॉक्टरांमध्ये वाद झाले. बाईनं सांगितलेली लक्षणं आणि प्रयोगशाळेचा निकाल पुष्कळदा जुळत नाही, नुसत्या पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवरून औषध द्यावं का, असे ते वाद. ते योग्यच होते. पण त्यातून 'मग बायांना विचारून उपयोग काय' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. निकाल जुळत नसेल तर आणखी विचारा.

याच जिल्ह्यात आयांनी याहून अवघड गोष्ट सांगितली आहे. घरी दगावलेल्या मुलाचा दाखला कोण देणार? तेव्हा आईला विचारून मृत्यूचं कारण ठरवायचे. खोकला होता का, श्वास जोरात चालला होता का, दूध कधी सोडलं. या पद्धतीचे निकष कसे असावेत, यावर 'सर्च'नं १९९२ मध्ये लिहिलं. न्यूमोनिया लहान मुलांचा केवढा घास घेतो, हे कळण्यात अशा विचारपुशीचा वाटा आहे. ते पोर पुन्हा एकदा मांडीवर घेतल्यासारखी आई ते सांगत असते.

१९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत जगानं प्रजनन आरोग्याचा शब्द दिला, एप्रिल १९९६ मध्ये आपल्याकडची कुटुंबनियोजनाची टार्गेटं काढली, १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला. या बदलामागे पुष्कळ हात होते. वसा-अमिर्झाच्या बायांचाही त्यांत हात आहे, असं मी मानते. शोधनिबंधावर त्यांची नावं नाहीत, ती गुप्त राहणं बरोबरच आहे. पण त्या नुसत्या तपासल्या गेल्या नाहीत. त्यांनी शास्त्राला माहिती पुरवली.

आणि म्हणूनच बीडच्या ऊसतोड बायांची गोष्ट मला सोसत नाही. त्यांचीही तक्रार बरेचदा हीच होती. पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीत कोयता चालवता येत नाही. त्यांनी ती पैसे मोजून सांगितली आणि अनेकींना उत्तर मिळालं ते गर्भपिशवी काढून टाकायचं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडाही बायांनी सांगितला म्हणूनच सापडला. गडचिरोलीचा निबंध छापून तेव्हा तीस वर्षं झाली होती.