सार्वमत : कौल थेट मतदारांचा

एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा निर्णय निवडून आलेल्या प्रतिनिधींवर न सोडता त्यावर मतदारांचा थेट होकार किंवा नकार घेणे, याला सार्वमत म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये ही पद्धत राज्यकारभाराचा नित्याचा भाग आहे. भारताच्या राज्यघटनेत तिची तरतूद नाही. तरीही शेजारच्या गोव्याचे भवितव्य १९६७ मध्ये याच मार्गाने ठरले आणि बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या महिलांना एका प्रश्नापुरता हा अधिकार आजही आहे. तो प्रश्न गावातील दारू दुकानाचा.

स्वित्झर्लंडमध्ये १८४८ पासून राज्यघटनेतील प्रत्येक दुरुस्ती जनतेपुढे ठेवावी लागते. १८७४ पासून संसदेने केलेल्या कायद्यालाही आव्हान देता येऊ लागले. आज त्यासाठी शंभर दिवसांत ५० हजार सह्या लागतात. अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमविल्यास नागरिक स्वतःच घटनादुरुस्ती सुचवू शकतात. मात्र घटनादुरुस्तीसाठी मतदारांचे बहुमत पुरत नाही, निम्म्याहून अधिक कँटनांचे, म्हणजे तेथील घटक राज्यांचेही बहुमत लागते. ग्लारुस आणि आपेन्झेल इनरऱ्होडन या दोन कँटनांत तर नागरिक वर्षातून एकदा उघड्या मैदानात जमून हात वर करून निर्णय घेतात. आपल्या ग्रामसभेची आठवण व्हावी असे हे दृश्य आहे. फरक एवढाच, की तेथे गणसंख्येअभावी सभा तहकूब होत नाही.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महिलांना मताधिकार द्यावा काय, हा प्रश्न १ फेब्रुवारी १९५९ रोजी स्विस मतदारांपुढे आला. मतदार अर्थातच केवळ पुरुष होते. सुमारे दोन तृतीयांश मते विरोधात पडली. हा अधिकार मिळण्यास ७ फेब्रुवारी १९७१ उजाडावा लागला. भारतीय महिलांनी तोपर्यंत लोकसभेच्या चार सार्वत्रिक निवडणुकांत मतदान केले होते. सार्वमतात प्रश्न काय विचारला, यापेक्षा तो कोणाला विचारला हे कधी कधी अधिक निर्णायक ठरते.

भारतात सार्वमत झाले ते प्रामुख्याने प्रदेशांच्या विलीनीकरणासाठी. जुनागढमध्ये २० फेब्रुवारी १९४८ रोजी मतदान झाले, तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने केवळ ९१ मते पडली. १९७५ मध्ये सिक्कीमनेही भारतात सामील होण्याचा कौल मोठ्या बहुमताने दिला. या दोन्ही ठिकाणी निकालाबाबत फारशी उत्कंठा नव्हती. गोव्यात ती होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झालेला गोवा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्यांच्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम होता. विधानसभेत संख्याबळ त्यांच्याकडे असल्याने प्रश्न ठरावाने सुटला असता. परंतु डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने हरकत घेतली. आमदार निवडताना लोकांनी सरकार निवडले, गोव्याचे अस्तित्व संपविण्याचा अधिकार त्यांना दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलासाठी स्वतंत्र कायदा केला. सत्तेचा प्रभाव मतदानावर पडू नये म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. ही लढत मराठी विरुद्ध कोकणी किंवा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशी सरधोपट रंगविली जाते, ते पूर्ण सत्य नाही. विलीनीकरणाच्या विरोधात जनमत घडविणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीतच निघत होते. त्याचे संपादक चंद्रकांत केणी होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर त्यातूनच प्रसिद्ध होत असे. महाराष्ट्रात गेल्यास दारूबंदी लागू होईल, ही भीतीही प्रचारात होती. ताडी-माडी काढणाऱ्यांच्या पोटापाण्याचा तो प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला, भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या वर्चस्वातून सुटका महाराष्ट्रातच होईल, असे अनेक कुळांना वाटत होते.

गोव्यातील ३ लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मतदान केले. विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७०, तर विरोधात १ लाख ७२ हजार १९१ मते पडली. अवघ्या ३४ हजार २१ मतांनी गोवा स्वतंत्र राहिला. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च १९६७ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा दिल्या. विलीनीकरण नको, पण बांदोडकर हवेत, असा हा दुहेरी निकाल होता. केवळ विधानसभेच्या बहुमतावर विसंबून निर्णय झाला असता तर तो लोकांच्या इच्छेविरुद्ध गेला असता, हे त्यातून दिसून आले. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.

आता गावाच्या पातळीवर येऊ. महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशानुसार, गावातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे दिला, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. दुकान बंद करावयाचे असल्यास आडव्या बाटलीवर शिक्का मारावयाचा. हातभट्टीला परवानाच नसल्याने तिच्यावर असा कौल घेता येत नाही, हा भाग वेगळा.

अट मात्र कडक आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर मतदार यादीतील एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळावी लागतात. समजा, यादीत एक हजार महिला आहेत. मतदानाला सहाशे आल्या आणि त्यांतील ४८० जणींनी दुकान बंद करा म्हणून सांगितले. दहातील आठ जणींनी विरोध करूनही दुकान सुरूच राहील, कारण ५०१ मते पडलेली नाहीत. सोयाबीनच्या सोंगणीत शेतात अडकलेली, मजुरीसाठी परगावी गेलेली, लग्न होऊन सासरी गेल्यावरही यादीत नाव राहिलेली, अशी प्रत्येक गैरहजर महिला अशा वेळी दुकानाच्याच पारड्यात पडते. अर्ज करण्याआधी मतदार यादी दुरुस्त करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे. गंमत अशी, की हीच फूटपट्टी गोव्याला लावली असती तर विलीनीकरणविरोधी मतेही एकूण मतदारांच्या ४४ टक्क्यांच्या आसपासच भरली असती. गावातील एक दुकान बंद करण्याची अट एका प्रदेशाचे भवितव्य ठरविण्याच्या अटीपेक्षा अवघड असावी काय, हा प्रश्न शासनाला विचारण्यासारखा आहे.

बुलडाण्याच्या वाचकाला या विषयाची आणखी एक बाजू जवळची वाटेल. ज्या वऱ्हाडात हा जिल्हा मोडतो, तो १८५३ मध्ये निजामाकडून कंपनी सरकारकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये शिफारस केलेल्या विदर्भ राज्याच्या आठ जिल्ह्यांतही बुलडाणा होता. यांपैकी एकाही वेळी घाटावरच्या वा घाटाखालच्या मतदाराचा थेट कौल घेण्यात आला नाही.

स्वतंत्र विदर्भाबाबत सार्वमत घ्यावे, अशी मागणी अधूनमधून होते. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते. तेव्हा सार्वमत घ्यावयाचे झाल्यास गोव्याप्रमाणे संसदेला वेगळा कायदा करावा लागेल. त्या कायद्यात मतदान केवळ विदर्भातील अकरा जिल्ह्यांचे घ्यावयाचे की साऱ्या महाराष्ट्राचे, आणि नागपूरकडचा कौल एक व वऱ्हाडचा दुसरा आला तर काय करावयाचे, हे आधी लिहावे लागेल. १९६७ मध्ये मत गोव्याचे घेतले गेले, महाराष्ट्राचे नाही.